कोंबडीच्या भ्रूणाचा स्नायू: एमएफ-२० रंगते, पॅक्स-७ अजिबात नाही, आणि ब्लॉटवर मायोसिनचा बँडच नाही

पूर्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या ठिकाणचं कॉलेज, प्राणिशास्त्र विभाग. कोंबडीच्या भ्रूणात छातीचा स्नायू कसा घडतो हे ४, ८, १२ आणि १८ व्या दिवशी प्रथिनांवरून दाखवायचं आहे. अंडी हॅचरीतून आणलेली, उबवणी ३७.५ अंशावर.

ऊती १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये ३ दिवस, मग पॅराफिन, ५ मायक्रॉनचे सेक्शन. आयोवाच्या हायब्रिडोमा बँकेतून सुपरनॅटंट (पेशी वाढवलेलं द्रावण) स्वरूपात तीन अँटिबॉडी मागवल्या: पॅक्स-७ (स्नायूच्या मूळ पेशींचं प्रथिन), एफ५डी (मायोजेनिन, स्नायू घडताना येणारं प्रथिन) आणि एमएफ-२० (मायोसिन हेवी चेन, स्नायूतंतूतलं प्रथिन). तिन्ही १:२० ने वापरल्या. सेकंडरी (प्रायमरीला, म्हणजे या तिन्हींना, चिकटणारी दुसरी अँटिबॉडी) बकरीत तयार केलेली अँटि-माउस, एचआरपी (पेरॉक्सिडेज एन्झाइम) लावलेली, आणि रंगासाठी डॅब (एचआरपीमुळे तपकिरी होणारं रसायन).

अडचणी अशा:
१) एमएफ-२० १२ आणि १८ दिवसांवर छान तपकिरी. पॅक्स-७ एकाही दिवसाला नाही. एफ५डी पण नाही.
२) प्रायमरी न लावलेल्या कंट्रोल स्लाइडवरही रक्तपेशी आणि सेक्शनच्या कडा तपकिरी येतात.
३) वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिनं जेलवर आकारानुसार वेगळी करून मेम्ब्रेनवर अँटिबॉडीनं ओळखणं) १० टक्के जेल, ४० मायक्रोग्रॅम प्रथिन, लायसिस (ऊती फोडून प्रथिन काढणं) रिपा बफरमध्ये. अ‍ॅक्टिन ४२ किलोडाल्टनला मस्त, पण एमएफ-२० ला २२० च्या जागी काहीच नाही.

पॅक्स-७ ची व्हायल खराब आली असं समजून दुसरी मागवायची का? की त्याच पैशात मायोडीची (स्नायू घडवणारं आणखी एक प्रथिन) घ्यावी? मे महिना आहे, खोलीत ४३-४४ अंश, आणि लाइन दिवसातून दोन-तीनदा जाते, हेही लक्षात घेऊन सांगा.

ऊतीपट्टी

दुसरी व्हायल मागवू नका. तुम्ही लिहिलेल्या तिन्ही लक्षणांना अँटिबॉडीच्या आधीची कारणं पुरेशी आहेत.

आधी पॅक्स-७. हे केंद्रकातलं प्रथिन, पेशीत अगदी थोडं असतं. मायोसिन तर स्नायूतंतूत ठासून भरलेलं, त्यामुळे फॉर्मलिननं निम्मे एपिटोप (अँटिबॉडी चिकटायच्या जागा) झाकले तरी एमएफ-२० दिसतेच. फॉर्मलिन प्रथिनांमध्ये मिथिलिनचे पूल बांधतं. ३ दिवसांत ते इतके होतात की पॅक्स-७ आणि मायोजेनिनची जागा बंद होऊन जाते. तुमच्या पद्धतीत अँटिजेन रिट्रीव्हलचा (गरम बफरमध्ये या जागा पुन्हा उघडण्याचा) उल्लेखच नाही. केलं नसेल तर इथंच उत्तर आहे.

जे ब्लॉक हातात आहेत ते फेकू नका. रिट्रीव्हल असं करा: ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट २.९४ ग्रॅम एक लिटर पाण्यात, म्हणजे १० मिलिमोलर, हायड्रोक्लोरिक आम्लानं पीएच ६.०, वर ०.५ मिली ट्वीन-२०. बफर ९५ ते ९८ अंशाला नेऊन मगच स्लाइड टाका, २० मिनिटं ठेवा, आणि त्याच बफरमध्ये ३० मिनिटं आपोआप निवू द्या. गरम स्लाइड थंड पाण्यात टाकली की सेक्शन उचललं जातं. वॉटर बाथ असेल तर उत्तम, नसेल तर पातेल्यात पाणी आणि आत काचेची बरणी. थर्मामीटर मात्र बरणीच्या आत हवा, बाहेरच्या पाण्यात नाही, कारण दोघांत ५-६ अंशांचा फरक सहज पडतो. सायट्रेटनं जमलं नाही तर ट्रिस १.२१ ग्रॅम आणि ईडीटीए ०.३७ ग्रॅम लिटरला, पीएच ९.० हे करून पाहा. केंद्रकातल्या काही प्रथिनांना तेच जास्त मानवतं. स्लाइड पॉली-एल-लायसिन लावलेल्या घ्या आणि आधी ६० अंशावर तासभर भाजा, नाहीतर ९५ अंशाला भ्रूणाची मऊ ऊती टिकणार नाही.

रिट्रीव्हलनंतर ०.३ टक्के ट्रायटन एक्स-१०० पीबीएसमध्ये (फॉस्फेट आणि मिठाचा बफर), १० मिनिटं.

आता तपकिरी रक्तपेशी. हिमोग्लोबिन स्वतःच पेरॉक्सिडेजसारखं वागतं, आणि कोंबडीच्या तांबड्या पेशींना केंद्रक असतं, म्हणून नवख्या डोळ्याला ती पॅक्स-७ ची केंद्रकं वाटू शकतात. हे जपा. पॅराफिन काढून झाल्यावर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड पाण्यात १० मिनिटं, किंवा मिथेनॉलमध्ये ०.३ टक्के ३० मिनिटं. पेरॉक्साइडची बाटली उन्हाळ्यात बाहेर राहिली असेल तर ती निकामी धरा. थेंबभर रक्तावर टाकून फसफसतं का बघा.

कडा तपकिरी होतात त्याचं कारण बहुतेक वेळा वाळणं. विदर्भातल्या मे महिन्यात पंख्याखाली सेक्शनवरचे १०० मायक्रोलिटर किती वेळ टिकतील सांगता येत नाही. झाकणाचा चपटा डबा घ्या, तळाशी ओला कापूस, वर काचेच्या दोन नळ्या आणि त्यावर स्लाइड; डबा कूलरच्या झोतापासून दूर. प्रायमरी रात्रभर ४ अंशाला, तीही याच डब्यात. एकदा वाळलेलं सेक्शन पुन्हा ओलं केलं तरी त्यावरचा रंग धरायचा नाही.

ऊतीपट्टी

एक राहिलं. तुमचा पॉझिटिव्ह कंट्रोल काय? १८ व्या दिवसाच्या छातीवर पॅक्स-७ शोधणं म्हणजे सर्वांत अवघड जागेपासून सुरुवात करणं. तिथं पॅक्स-७ असलेल्या पेशी मोजक्या, तंतूला चिकटून बसलेल्या.

४ दिवसांच्या भ्रूणाचा धडातून आडवा छेद घ्या. त्यात डर्मोमायोटोमची (त्वचा आणि स्नायू घडवणारा भ्रूणातला थर) केंद्रकं रंगली पाहिजेत, आणि चेतानलिकेचा (पुढे मज्जारज्जू होणारी नळी) पाठीकडचा भागही, कारण पॅक्स-७ तिथंही असतं. तिच्याखालचा नोटोकॉर्ड (भ्रूणाचा आधारदंड) कोरा राहिला पाहिजे. एकाच सेक्शनमध्ये होकार आणि नकार दोन्ही मिळतात. त्याच्या शेजारच्या सेक्शनवर एमएफ-२० लावा: मायोटोम (पहिला स्नायू घडतो तो भाग) रंगेल आणि हृदयही, कारण एमएफ-२० हृदयाचं मायोसिनही ओळखते. म्हणून ‘एमएफ-२० लागलं म्हणजे सांगाड्याचा स्नायू’ असं प्रबंधात लिहू नका. नकारासाठी यकृत चांगलं.

चेतानलिका रंगली आणि १८ दिवसांची छाती कोरी राहिली, तर अँटिबॉडी ठीक, प्रश्न त्या ऊतीच्या फिक्सेशनचा. दोन्ही कोरे राहिले, तरच व्हायलकडे वळा.

जेल_आणि_मेम्ब्रेन

वेस्टर्नबद्दल. भाऊ, रिपात मायोसिन विरघळतच नाही, तर ब्लॉटवर येईल काहून?

मायोसिन कमी क्षारात जाड तंतूंच्या रूपात गोळा होऊन राहतं. रिपात मीठ साधारण १५० मिलिमोलर. तुम्ही लायसेट फिरवलं की मायोसिन खाली गाळात बसतं आणि तुम्ही वरचं पाणी जेलवर चढवता. अ‍ॅक्टिन वरच्यातही भरपूर उरतं, म्हणून ते दिसतं आणि बाकी सगळं बरोबर चाललंय असा भास होतो. खात्री हवी असेल तर फेकायचा गाळ एसडीएस (प्रथिनं विरघळवणारा डिटर्जंट) बफरमध्ये उकळून शेजारच्या खाचेत चालवा.

यापुढे थेट गरम एसडीएस: १० मिलिग्रॅम ऊतीला २०० मायक्रोलिटर, २ टक्के एसडीएस, ५० मिलिमोलर ट्रिस पीएच ६.८. आधी ९५ अंशाला गरम करून ठेवा, ऊती त्यात टाकून लगेच चुरडा, ५ मिनिटं ९५ ला. गरम एसडीएसमध्ये प्रोटिएजही तिथंच मरतात, हा आपल्याकडच्या उन्हाळ्यात मोठा फायदा. डीएनएमुळे चिकट गोळा होतो. २६ गेजच्या सुईतून ८-१० वेळा ओढा. प्रथिन बीसीए पद्धतीनं मोजा. ब्रॅडफोर्ड ही दुसरी पद्धत एसडीएसमध्ये चुकीचा आकडा देतं. मोजून झाल्यावरच ५ टक्के मर्कॅप्टोइथेनॉल, १० टक्के ग्लिसरॉल आणि ब्रोमोफिनॉल ब्लू घाला, कारण मर्कॅप्टोइथेनॉल बीसीएला बिघडवतं.

जेल ६ टक्के घ्या, फार तर ७.५. दहा टक्क्यांत २२० चं प्रथिन वरच्या काठालाच अडकतं. मार्कर २५० पर्यंतचा हवा.

ट्रान्सफर (जेलमधून मेम्ब्रेनवर प्रथिन नेणं) ओला. बफरमध्ये मिथेनॉल २० ऐवजी १० टक्के, आणि एसडीएस ०.०५ टक्के. मिथेनॉल जास्त झालं तर जेल आक्रसतो आणि मोठं प्रथिन आतच बसून राहतं. एसडीएस त्याला बाहेर ढकलतं. मिथेनॉल पूर्ण काढूही नका, नायट्रोसेल्युलोजला प्रथिन धरायला ते लागतं. १०० व्होल्टला २ तास, टाकी बर्फात. मासेवाल्याकडचा फोडलेला बर्फ चालतो, फक्त तो टाकीच्या बाहेर ठेवायचा. ३० व्होल्टवर रात्रभर ही पद्धत पुस्तकात चांगली, पण तुमच्याकडे रात्री लाइन किती वेळा गेली ते सकाळी कळणार नाही. त्यापेक्षा पॉवर पॅक घरगुती इन्व्हर्टरवर लावून दिवसाच २ तासांत उरका. १०० व्होल्ट आणि साडेतीनशे मिलिअँपिअर म्हणजे ३५ वॅट. एका बल्बपेक्षा जास्त ओढ नाही.

मध्येच लाइन गेली तर: ट्रान्सफरमध्ये मेम्ब्रेनवर पोचलेलं प्रथिन तिथंच राहतं, वेळ लिहून ठेवा आणि आल्यावर उरलेला पूर्ण करा. पण जेल चालू असताना गेली तर बँड जागच्या जागी पसरतात, आणि लहान प्रथिनं आधी पसरतात. अर्ध्या तासाच्या वर गेलं तर ते जेल आकडे मोजायला वापरू नका.

ट्रान्सफरनंतर जेल कूमासीत (प्रथिनांना निळं करणारा रंग) टाका. वर २२० ला जाड निळी रेघ उरली असेल तर दोष ट्रान्सफरचा. जेल आणि मेम्ब्रेन दोन्ही कोरे असतील तर दोष काढणीचा. ही १५ मिनिटांची तपासणी रोज करा.

आणि ४० मायक्रोग्रॅम मायोसिनसाठी फार. १८ व्या दिवसाला २ ते ५ पुरे. जास्त चढवलं की ईसीएलचं (एचआरपीमुळे उजेड देणारं रसायन) सबस्ट्रेट एका जागी संपून बँडच्या मधोमध पांढरं भोक पडतं.

पूर्णाकाठ

ऊतीपट्टी मॅडम, रिट्रीव्हल केलं नव्हतं. विभागात पॅराफिनची पद्धत फक्त हिमॅटॉक्सिलिन-इओसिनसाठी वापरतात, तीच जशीच्या तशी उचलली. रिपाचा गाळही फेकत होतो.

आता दोन गोष्टी. मार्गदर्शक म्हणतात की एकाच सेक्शनवर पॅक्स-७ आणि एमएफ-२० दोन्ही दाखवा. दोन्ही उंदराच्या आहेत, मग ते कसं? आणि ब्लॉटला लोडिंग कंट्रोल (प्रत्येक खाचेत सारखं प्रथिन चढलं का हे दाखवणारं) म्हणून अ‍ॅक्टिनच ठेवू ना?

जेल_आणि_मेम्ब्रेन

अ‍ॅक्टिन नको. स्नायू घडताना अ‍ॅक्टिनच बदलतं: बीटा प्रकार उतरतो, सारकोमिअरचे प्रकार चढतात. सगळे प्रकार ओळखणारी अँटिबॉडी घेतली तर ४ ते १८ दिवसांत ‘कंट्रोल’ स्वतःच वर जाईल, आणि त्यानं भागलं की मायोसिनची खरी वाढ दबून दिसेल. जीएपीडीएचचंही तसंच, ग्लायकोलिसिसवर चालणाऱ्या छातीच्या स्नायूत ते वाढत जातं. दिवसांची मालिका असेल तिथं एकूण प्रथिन वापरा: ०.१ टक्का पाँसो-एस (सगळ्या प्रथिनांना लाल करणारा रंग), ५ टक्के असेटिक आम्लात, ५ मिनिटं, पाण्यानं धुवा, फोटो घ्या, मग ब्लॉकिंग. खर्च जवळपास नाहीच.

द्विरंगी

दोन्ही उंदराच्या असल्या तरी त्यांचा आयसोटाइप (अँटिबॉडीचा उपप्रकार) वेगळा आहे, आणि तुमचं नशीब इथं चांगलं आहे. पॅक्स-७ आयजीजी१, एमएफ-२० आयजीजी२बी. मग सेकंडरी ‘अँटि-माउस आयजीजी’ अशी सरसकट न घेता उपप्रकाराची घ्या: अँटि-माउस आयजीजी१ अ‍ॅलेक्सा ४८८ (हिरवा चमकणारा रंग) आणि अँटि-माउस आयजीजी२बी अ‍ॅलेक्सा ५९४ (लाल). दोन्ही प्रायमरी एकत्र रात्रभर, दोन्ही सेकंडरी एकत्र १ तास, १:५०० ने, अंधारात. शेवटी डॅपी (सगळी केंद्रकं निळी करणारा रंग) १ मायक्रोग्रॅम प्रति मिली, ५ मिनिटं. हिरवं केंद्रकात, लाल तंतूत. तीन कंट्रोल स्लाइड लागतील: फक्त पॅक्स-७ वर दोन्ही सेकंडरी, फक्त एमएफ-२० वर दोन्ही सेकंडरी, आणि प्रायमरीविना. हे न करता दोन रंगांचा फोटो छापला तर परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारेल, आणि त्यानं तो विचारायलाच हवा.

एफ५डी हीसुद्धा आयजीजी१. म्हणजे एफ५डी आणि एमएफ-२० जमतं, पण पॅक्स-७ आणि एफ५डी एकत्र जमणार नाही.

कोंबडीची ऊती घेतल्यानं दुसरा एक त्रास वाचतो. उंदराच्या स्नायूवर उंदराचीच अँटिबॉडी लावली की सेकंडरी ऊतीतल्या मूळच्या आयजीजीलाही चिकटते. कोंबडीत ते नाही. ब्लॉकिंगला ५ टक्के बकरीचा सीरम आणि १ टक्का बीएसए, १ तास, बस.

एफ५डीबद्दल सावध राहा. ती उंदीरवर्गातल्या मोठ्या उंदराच्या, म्हणजे रॅटच्या मायोजेनिनवर तयार केलेली आहे. पॅक्स-७ ची अँटिबॉडी कोंबडीच्याच प्रथिनावर बनवली, एमएफ-२० कोंबडीच्याच छातीच्या मायोसिनवर. त्यांच्याबद्दल शंका नाही. एफ५डी मात्र रिट्रीव्हलनंतरही ४ दिवसांच्या मायोटोमवर लागली नाही, तर प्रजातीचा प्रश्न समजा. ओळखीच्या लॅबकडून सी२सी१२ (उंदराच्या स्नायूच्या, लॅबमध्ये वाढवलेल्या) पेशींची फिक्स केलेली कव्हरस्लिप मागवा, २ टक्के हॉर्स सीरमवर २-३ दिवस ठेवलेली. तिथं केंद्रकं रंगली आणि कोंबडीत नाही, म्हणजे उत्तर मिळालं. मायोडीची ५.८ए पण उंदराच्या प्रथिनावरची आहे; कोंबडीवरचा छापील फोटो दाखवल्याशिवाय पैसे घालू नका. पैसे असतीलच तर लॅमिनिनची सशाची पॉलिक्लोनल घ्या, कोंबडीवर चालते एवढं विचारून. पॅक्स-७ ची पेशी तंतूच्या बाहेर पण बेसल लॅमिनाच्या (तंतूभोवतीचं लॅमिनिनचं पातळ आवरण) आत आहे, हे १८ व्या दिवशी दाखवायला तीच लागेल.

१:२० या आकड्यावरही बोलायला हवं. सुपरनॅटंटमध्ये अँटिबॉडी साधारण २० ते ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली असते आणि लॉटप्रमाणे बदलते. बँकेचा सल्ला सेक्शनला २ ते ५ मायक्रोग्रॅम प्रति मिली, ब्लॉटला ०.२ ते ०.५. लॉट ३५ चा असेल तर १:१० म्हणजे ३.५, तुमचं १:२० म्हणजे २ च्याही खाली. ब्लॉटला तीच १:१०० पुरे. वहीत ‘१:२०’ न लिहिता मायक्रोग्रॅम लिहा. पहिल्यांदा १:५, १:१०, १:२० आणि १:४० अशी शिडी लावा, ४ दिवसांच्या धडाच्या छेदावर.

रेतन_केंद्र

पुढच्या ब्लॉकसाठी फ्रोजन सेक्शन करा, पॅक्स-७ ला ते सोपं जातं. ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड ताजं, ४ अंशाला: ४ दिवसांच्या भ्रूणाला २ तास, ८ आणि १२ दिवसांच्या छातीच्या तुकड्याला ४ तास, १८ ला रात्रभर, तुकडा ३ मिलिमीटरहून जाड नको. पीबीएसनं धुऊन १५ टक्के आणि मग ३० टक्के सुक्रोज, तुकडा तळाशी बसेपर्यंत. मग ओसीटी (गोठवताना तुकडा धरणारा जेल) आणि गोठवणं. क्रायोस्टॅटसाठी (गोठलेल्या ऊतीचे सेक्शन कापणारं यंत्र) नागपूर किंवा अकोल्याच्या पशुवैद्यक महाविद्यालयात विचारून पाहा, ब्लॉक ड्राय आइसमध्ये न्यावे लागतील.

द्रव नायट्रोजनसाठी मुंबई-पुण्याला जायची गरज नाही. गायी-म्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्यात ठेवतात तोच हा नायट्रोजन. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात रीतसर पत्र द्या, ज्या दिवशी त्यांचे कंटेनर भरले जातात त्या दिवशी एक-दोन लिटर मिळू शकतो. नेताना घट्ट झाकण लावायचं नाही, आणि काचा बंद केलेल्या गाडीत तर मुळीच नाही. नायट्रोजन ऑक्सिजनला बाजूला सारतो आणि कळतही नाही.

तुकडा नायट्रोजनमध्ये थेट बुडवू नका. भोवती वायूचा थर बसतो, गोठणं मंदावतं आणि तंतूंत बर्फाची भोकं पडतात. स्टीलच्या वाटीत आयसोपेंटेन, ती वाटी नायट्रोजनमध्ये, तळाशी पांढरा थर धरू लागला की तुकडा १०-१५ सेकंद. पण आयसोपेंटेन सुमारे २८ अंशाला उकळतं. तुमच्या ४४ अंशांच्या खोलीत बाटली उघडली तर ते उसळून बाहेर येईल, आणि ते भयंकर ज्वालाग्राही आहे. बाटली आधी बर्फाच्या पेटीत थंड करा, सकाळी ६-७ ला काम उरका, आसपास बर्नर नको. घरगुती फ्रिजमध्ये ठेवू नका. आतल्या थर्मोस्टॅटची ठिणगी पुरते.

अंड्यांबद्दल एक सांगतो जी, ते सगळ्यांनी सोडलंय. साधारण २१ अंशांच्या वर कोंबडीचा भ्रूण हळूहळू वाढू लागतो. मे महिन्यात अंडी दोन दिवस ४० अंशांच्या खोलीत राहिली तर तुमचा ‘४ था दिवस’ खरा चौथा नाही, आणि वाढ वेडीवाकडी होते ते वेगळंच. आणल्याबरोबर १५ ते १८ अंशाला ठेवा, आठवड्याच्या आत लावा. भ्रूण बाहेर काढल्यावर हॅम्बर्गर-हॅमिल्टनच्या १९५१ च्या तक्त्याशी ताडून अवस्था लिहा, त्यात ४६ अवस्था आहेत. आलेखाच्या आडव्या अक्षावर दिवस नव्हे, अवस्था. १८ दिवसांच्या भ्रूणांसाठी संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची परवानगी आधीच घ्या.

पूर्णाकाठ

खूप मोलाचं सांगितलंत सगळ्यांनी. शेवटचं: लाइन जाते म्हणून अँटिबॉडी ४ अंशाच्या फ्रिजमध्येच ठेवतो, त्यात सोडियम अझाइड घालू का?

द्विरंगी

४ अंशाला सुपरनॅटंट दोन आठवड्यांपर्यंत. पुढच्यासाठी आल्याच दिवशी २० ते ५० मायक्रोलिटरचे भाग करून उणे २०. भाग २० पेक्षा लहान नको, आणि काढलेला पुन्हा गोठवायचा नाही. लाइन गेल्यावर फ्रिझर उघडू नका. आत मिठाच्या पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्या भरून ठेवा, आणि भाग त्यांच्या मध्ये, दारापासून दूर. फ्रिझर स्वतःहून बर्फ वितळवणारा असेल तर तो अँटिबॉडीला नको, तो रोज थोडा गरम होतो.

अझाइड प्रायमरीत ०.०२ टक्के चालेल. एचआरपी लावलेल्या सेकंडरीत, तिच्या बफरमध्ये, आणि त्यानंतरच्या धुण्यात थेंबभरही नको, अझाइड एचआरपीला बंद पाडतं. प्रायमरीत घातलं असेल तर पीबीएस-ट्वीननं ५-५ मिनिटांचे तीन धुणे पक्के करा. आणि अझाइडचं पाणी तांब्या-शिशाच्या नळाच्या सिंकमध्ये ओतू नका, त्याचे धातूंचे क्षार फुटतात. वेगळ्या बाटलीत जमा करा.